बटणवाले सुपडू आप्पा

सुपडू आप्पा माझ्या दुकानात आले की आधी राम राम करत नाहीत. आधी काउंटरवरचं माझं पेन उचलतात, वरची कळ दोनदा दाबतात, कान देऊन ऐकतात आणि मग विचारतात, "काय डॉक्टर, बरं शे ना?" पेन नीट वाजलं असेल तर या प्रश्नात माया असते. कळ ढिली निघाली तर आधी पेनाची विचारपूस होते, मग माझी.

मी डॉक्टर नाही. शहाद्याच्या एसटी स्टँडजवळ माझं औषधांचं दुकान आहे. पण आमच्या भागात गोळी देईल तो डॉक्टर, मग त्याच्या भिंतीवर कुठलंही सर्टिफिकेट टांगलेलं असो. सुरुवातीला मी लोकांना दुरुस्त करत असे. आता ओ देतो.

आप्पा राहतात लोणखेड्याला, म्हणजे शहाद्याला खेटूनच. संध्याकाळी सायकलवर येतात. सायकलची घंटी लोणखेड्यापासून वाजत येते. वाटेत कोणी आडवं येतं म्हणून नव्हे, घंटी शाबूत आहे ना ते बघायला. जगातल्या कुठल्याही वस्तूवर विश्वास टाकण्याआधी ती दाबून पाहायची, हा त्यांचा नेम. कुणाच्या वास्तुशांतीला गेले की सत्यनारायणाआधी स्विचबोर्डाचं दर्शन घेतात. एकदा गल्लीतल्या लग्नात, ऐन अक्षतांच्या वेळी, कार्यालयाचा मेन स्विच त्यांना 'जरा नरम' वाटला. त्यांनी तो ओढून पाहिला. दिवे गेले, पंखे गेले, डीजे गेला. त्या दिवशी आमच्या गल्लीने कित्येक वर्षांनी मंगलाष्टकं शब्द न् शब्द ऐकली. भटजींनी आप्पांना वेगळा नारळ दिला.

हे सगळं नोकरीतून आलेलं. आप्पांनी सारी उमर वीज कंपनीच्या सबस्टेशनात ऑपरेटर म्हणून काढली. शेतांच्या मधोमध एक खोली, खोलीत लोखंडी कपाटं, कपाटांवर लाडवाएवढी लाल-हिरवी बटणं आणि कोपऱ्यात एक फोन. हिरवं बटण दाबलं की खट् आणि आसपासच्या गावांत उजेड. लाल दाबलं की खट् आणि त्याच गावांतून आप्पांच्या सात पिढ्यांचा उद्धार.

"डॉक्टर, लोके म्हनेत, सुपडूना बोटमां पावर शे," आप्पा सांगतात. "पन पावर बोटमां नई ऱ्हास, खट् मां ऱ्हास. दाबं, वाजनं, म्हणजे व्हयनं. वाजनंच नई, तं मानूसले कसं समजाई का व्हयनं?"

'वाजनं म्हणजे व्हयनं' हे आप्पांचं ब्रह्मवाक्य. वाजलं म्हणजे झालं. अशा माणसाला देवाने नेमकं टचस्क्रीनच्या जमान्यात निवृत्त केलं.

माझ्या शेजारी पारसभाऊंचं मोबाईलचं दुकान आहे. पारसभाऊ मारवाडी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, त्यांनी कापड विकलं. वडिलांनी रेडिओ आणि घड्याळं विकली. पारसभाऊ मोबाईल विकतात. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि कंपनीच्या माणसाशी अशी हिंदी, की तो माल परत घेऊन जायला तयार होतो. गिऱ्हाईक मागेल ते विकायचं आणि मागत नसेल तर मागायला लावायचं, हा त्यांचा घराण्याचा धर्म. त्या धर्मात एकच माणूस बसेना.

"पारस, बटनवाला फोन दखाड."

"शे ना आप्पा. हाऊ दखा."

"हाऊ नई रे. यामां नकाशा नई, फोटो नई, व्हाट्सप नई. माले बठ्ठं पाहिजे. स्मार्ट बी पाहिजे आनि बटनं बी पाहिजेत."

"तसा आते कोनी बनाडस नई, आप्पा."

"कसाले बनाडस नई?"

या 'कसाले'वर, म्हणजे 'का म्हणून'वर, आप्पा दुकानाबाहेरचं स्टूल ओढून बसत. मग दिवेलागणीपर्यंत आमच्या गल्लीत मोबाईलची रचना कशी असावी यावर जी चर्चा चाले, ती कुठल्याही फोन कंपनीच्या साहेबांनी ऐकली असती तर त्यांनी एकतर बटणं पुन्हा सुरू केली असती, नाहीतर फोन बनवणंच सोडलं असतं.

पारसभाऊंचं म्हणणं असं, की बटणं म्हणजे जेवण झालं तरी न उठणारे पाहुणे. लिहायचं असो वा नसो, अर्धा फोन अडवून बसतात. काचेवरचा कीबोर्ड कामापुरता येतो, काम झालं की जातो. मग पूर्ण फोनभर सिनेमा बघा.

आप्पा म्हणत, "कामपुरता येस आनि कामनंच झाकस! खाले काय लिखेल शे तेच दिसत नई." शिवाय काचेवरून बोट सरकतं, बटणावर ते बसतं. बटण अंधारात सापडतं, खिशात सापडतं, समोरच्याच्या तोंडाकडे बघत असतानाही सापडतं. "तुन्हा टचवाला मानूस, पारस, बायकोसंगे बोलस तव्हय बी मान खालेच."

"बायकोसमोर मान खालेच बरी, आप्पा," पारसभाऊ म्हणत.

मग साक्षीपुरावे येत. आप्पा केळीच्या बागेतून परतणाऱ्या एखाद्या मजुराला हाताला धरून आणत. केळीच्या चिकाने त्याची बोटं काळी, राठ झालेली. "घे, लाव फोन." तो बिचारा काच घासत बसे, काच ढिम्म. आप्पा विजयी मुद्रेने गल्लीकडे बघत. लगेच पारसभाऊ आपल्या दुकानातला एखादा जुना बटणवाला फोन काढून दाखवत. त्याच्या बटणांच्या फटींत पीठ, तंबाखू आणि कसलंसं बी अडकलेलं असे. "आप्पा, यामां पाऊस पडी तं पीक येई."

एकदा पारसभाऊंनी तोडगा काढला. टच फोनमध्ये अशी सोय केली, की काचेवर बोट लावलं की 'टक्' आवाज होतो आणि फोन किंचित थरथरतो. आप्पांनी डोळे मिटून बोट लावलं. बराच वेळ लावत राहिले. आम्हाला वाटलं, जमलं. मग डोळे उघडून म्हणाले, "माले मलेरिया व्हयना व्हता, तव्हय अशीच थरथर व्हती."

निवडणुकीच्या दिवसांत तर त्यांच्या हाती ब्रह्मास्त्रच लागलं. मत देऊन थेट पारसभाऊंच्या दुकानात आले, शाईचं बोट नाचवत. "काय रे पारस, इतला मोठा देश. सरकार निवडाले काय लावतस? बटन! आनि वाजस का नई? वाजस! तठे काच कसाले नई लावतस?"

 पारसभाऊंनी त्या दिवशी आप्पांना चहा पाजला. निरुत्तर झाले की ते चहा पाजत. एरवीही पाजत, पण मग साखर कमी असे.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाला घरदार नव्हतं का? होतं. आप्पांचा मुलगा सुरतेला कापड बाजारात नोकरी करतो. नातू झाला तेव्हा आप्पांच्या घरच्या, निर्मलामावशी, महिनाभरासाठी म्हणून तिकडे गेल्या. नातू आता शाळेत जातो. मुलगा आणि सून दोघं कामाला, मावशींचा पाय निघत नाही. आप्पाही एकदा सामान बांधून गेले होते. आठवडाभरात परत आले. का, तर मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये स्विचबोर्डसुद्धा काचेचा! "हात फिराडं का पंखा फिरस," आप्पा सांगत होते. "मी पंखा लावाले गऊ, तं बठ्ठा घरमां अंधार. सून कईच बोलनी नई. पन मन्ही ऑपरेटरनी नोकरी तठे जमनार नई, हाई समजनं."

मुलाने मग त्यांना टच फोन पाठवला, रोज नातवाचं तोंड दिसावं म्हणून. आप्पांनी तो प्रामाणिकपणे वापरायचं ठरवलं. नेमका त्याच दिवसांत कोरीटला त्यांच्या चुलतभावाचा ऊस जळाला. आप्पांनी सांत्वनाचा पहिलाच संदेश लिहायला घेतला. 'भेटायला येतो' असं लिहायचं होतं. फोन हुशार. त्याने अर्ध्या शब्दातच आप्पांच्या मनातलं ओळखलं आणि स्वतःच पुरं केलं. कोरीटला संदेश पोचला: 'वाईट वाटले. उद्या सकाळी पेटवायला येतो.'

सकाळी आप्पा एसटीतून उतरले तेव्हा चुलतभावाची मुलं फाट्यावर काठ्या घेऊन उभी होती. गैरसमज मिटला, जेवणं झाली, पण परत आल्यावर आप्पांनी जुना साधा फोन पुन्हा खिशात घातला आणि हा नवा मोरीतल्या खिळ्याला दोरीने टांगला. तेव्हापासून ते त्यात बघून दाढी करतात. "फोन म्हनीसन वाईट शे," ते म्हणतात, "पन आरसा म्हनीसन गंज चांगला." आमच्याकडे गंज म्हणजे खूप.

आप्पांची कीर्ती लोणखेड्याच्या कॉलेजपर्यंत गेली, म्हणजे त्यांनीच ती सायकलवरून नेली. तिथे दरवर्षी वादविवाद स्पर्धा होते. पर्यावरण, शिक्षण आणि स्त्री या तीन विषयांनाच आळीपाळीने रंग देऊन प्राध्यापक मंडळीही कंटाळली होती. आप्पा प्राचार्यांना इतक्यांदा भेटले, की शेवटी विषय ठरला, 'स्मार्टफोनला बटणे असावीत की नसावीत', आणि परीक्षक म्हणून खुद्द आप्पा. मी आणि पारसभाऊ श्रोते म्हणून गेलो.

प्रमुख पाहुणे एक स्थानिक पुढारी होते. त्यांना विषय गाडीत कोणीतरी सांगितला असावा. ते म्हणाले, "बटण फार महत्त्वाचं आहे. तरुणांनी बटण दाबलंच पाहिजे. फक्त कोणत्या चिन्हासमोरचं दाबायचं, हे विसरू नका." प्रचंड टाळ्या पडल्या आणि साहेब पुढच्या कार्यक्रमाला गेले.

मग मुलं बोलली. बटणांच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने आपलं भाषण टच फोनवरून वाचून दाखवलं. एकाचा फोन मध्येच बंद पडला, तेव्हा बटणांची बाजू आपोआप बळकट झाली. आप्पा मान डोलवत, हातातल्या पेनाची कळ वाजवत बसले होते.

शेवटी धडगावकडची एक मुलगी उठली. तिच्या हातात काहीच नव्हतं. ती म्हणाली, "आमच्या पाड्यावर माझी आजी आहे. तिला आकडे येत नाहीत, अक्षरं येत नाहीत. बटणवाला फोन होता तेव्हा ती मला फोन लावायला शेजारच्यांची वाट बघायची. आता काचेवर माझा फोटो आहे. ती फोटोवर बोट ठेवते, मला फोन लागतो. ज्याला आकडे येतात त्याने बटणांचं कौतुक करावं. माझी आजी माझ्या तोंडाला हात लावते आणि मी बोलते." एवढंच बोलून ती बसली.

 पारसभाऊंनी मला कोपराने ढोसलं. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि पहिलं बक्षीस त्या मुलीला देऊन टाकलं.

बाहेर पडताना पारसभाऊंना राहवेना. "काय आप्पा, हारनात ना?"

"हारनू ना," आप्पा म्हणाले. चेहरा असा उजळलेला, जणू त्यांचाच सत्कार झाला होता. "पन काय मजा उनी! भांडनारा असा पाहिजे. तुन्हामां ती बात नई, पारस."

हे पारसभाऊंना लागलं. आपण हरतो हे त्यांना चालत होतं, पण आपण चांगले भांडत नाही हे ऐकून घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी वाद कायमचा मिटवायचं ठरवलं.

त्यांचे एक साडू मुंबईला जुन्या मोबाईलच्या धंद्यात आहेत. पारसभाऊंनी त्यांच्या मागे लागून, कुठून कुठून शोध घेऊन, एक फोन मागवला. वर काच, खाली खरीखुरी बटणं, हरभऱ्याच्या डाळीएवढी, ओळीने मांडलेली. कंपनीने तो बनवणं केव्हाच बंद केलं होतं, पण फोन चालू होता. नकाशा, फोटो, व्हॉट्सअॅप, सगळं. पारसभाऊंनी त्याला नवं कव्हर घातलं, बटणांवर मराठी अक्षरांचे चिमुकले स्टिकर चिकटवले आणि संध्याकाळी आप्पा स्टुलावर बसल्या बसल्या त्यांच्या हातात ठेवला.

"घ्या. स्मार्ट बी शे, बटनं बी शेतस. पैसा देऊ नका. फक्त आते माले सोडा."

आप्पांनी एक बटण दाबलं. बारीकसा, पण स्पष्ट आवाज आला. दुसरं दाबलं. तिसरं. गल्ली गोळा झाली.  आप्पांनी हळूहळू, एकेक अक्षर शोधत, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि सगळ्यांना दाखवलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मी जिलेबी आणली. पारसभाऊंनी स्वतःच्या हाताने आप्पांना भरवली आणि मोठा श्वास सोडला. गल्लीत एवढा आनंद, की पलीकडचा चहावालाही हसला. त्याचा निम्मा चहा या वादावरच खपत असे, खरं तर त्याने हसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. स्टुलावर बसले.

"कसा शे फोन?" पारसभाऊंनी विचारलं.

"बेस शे."

"काई तकलीफ?"

"काई नई."

पारसभाऊ गिऱ्हाइकाकडे वळले. आप्पांनी थोडा वेळ रस्ता पाहिला. मग उठले. असं काही दिवस चाललं. दर दिवशी स्टुलावरची बैठक लहान होत गेली. कधी नुसतेच सायकलवरून उतरायचे, "बेस शे" म्हणायचे आणि निघायचे. मग यायचेच बंद झाले.

पारसभाऊंचा धंदा त्या काळात झकास चालला. कोणी गिऱ्हाइकाला मधेच गाठून "काच लिसन पस्तावशी" असं सांगेना. पण पारसभाऊ चिडचिडे झाले. एका मुलाने टच फोनचे गुण विचारले तर म्हणाले, "लेना है तो ले, नहीं तो छोड." बाहेरचं स्टूल त्यांनी आत घेतलं नाही. त्यावर कोणी पिशवी ठेवली की उचलून खाली ठेवत.

एक दिवस माझ्या दुकानात फोन आला. सुरतेहून, निर्मलामावशींचा.

"डॉक्टर, आप्पा बाजारमां येतस का?"

मी म्हणालो, बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत.

"मालेबी तसंच वाटनं. मी फोन लावस तं 'हाव', 'जेवनू', 'बरं शे', इतलंच बोलतस. पहिले फोनवर अर्धा घंटा पारसभाऊना नावनं बोंबलेत. मी म्हनू, बरं शे, मानूस ठीक शे. आते काईच बोलतस नई. जरा दखी या ना."

त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्याच असणार, हे निमित्त करून मी रविवारी सकाळी लोणखेड्याला गेलो. आप्पा ओट्यावर बसले होते. अंगात धुतलेली बंडी, बाजूला तांब्या-भांडं, घर झाडून लख्ख. हातात तो फोन आणि अंगठे चालू.

"कोणाला लिहिताय आप्पा?"

"कोनले नई. बोटं चालू ऱ्हावाले पाहिजेत." त्यांनी फोन बाजूला ठेवला. मी आणलेल्या गोळ्यांची पट्टी घेतली आणि सवयीने एका गोळीवर अंगठा दाबला. चट् आवाज झाला. ते हसले नाहीत.

मी विचारलं, बाजारात का येत नाही?

"कसाले येऊ? भेटना ना फोन. आते पारसले काय सांगू?"

 मग आप्पा बोलायला लागले. सबस्टेशनातल्या फोनबद्दल. तो फोन दिवसभर वाजायचा. लाईन गेली की जो तो तो नंबर फिरवायचा. 'आप्पा, लाईन कव्हय येई?' कोणी विनवायचं, कोणी शिव्या घालायचं, कोणी म्हणायचं, माझं पाणी अर्ध्या वाफ्यात अडलंय, तुझं तोंड काळं होवो. आप्पाही ऐकून घ्यायचे नाहीत. फोनवर कडाक्याचं भांडण व्हायचं. लाईन आली की तोच माणूस पुन्हा फोन करायचा, 'उनी बरं का आप्पा.'

"एक म्हातारा व्हता," आप्पा म्हणाले. "लाईन ऱ्हायनी तरी फोन करे. 'आप्पा, लाईन शे ना?' 'शे ना, बाबा.' 'मंग ठीक.' इतलंच. मी चिडू. म्हनू, तुन्हा घरमां दिवा दिसत नई का? तरी दुसरा दिन फोन. मंग एक दिन नई उना. मी दिनभर त्या फोनकडेच दखत बसनू." त्यांनी गोळ्यांची पट्टी तांब्याशेजारी ठेवली. "आते लोके मोबाईलवर तक्रार टाकतस. त्यासले नंबर भेटस. लाईन बी लवकर येस, खोटं कसाले बोलू. पन भांडाले मानूसच नई ऱ्हायना, डॉक्टर."

मी चहा घेतला आणि निघालो. शहाद्याला येऊन मी पारसभाऊंना काही सांगितलं नाही. खरं तर सांगायचं होतं, पण काय सांगायचं? हा माणूस तुमच्याकडे फोन मागायला येत नव्हता, हे ज्याने मुंबईहून फोन मागवला त्याला कसं सांगायचं? सुरतेला मात्र फोन केला आणि म्हणालो, "तब्येत ठणठणीत आहे." मावशी म्हणाल्या, "तब्येतनं नई इचारं मी."

त्यानंतर दोन-चार दिवसांनी, दुपार कलताना, आप्पा आले. माझ्या दुकानाकडे बघितलंसुद्धा नाही. थेट पारसभाऊंच्या काउंटरवर गेले आणि तो बटणवाला फोन काचेवर ठेवला.

"हाऊ परत ले. माले टचवाला दे."

पारसभाऊ बघतच राहिले. मी गिऱ्हाइकाच्या हातात सुटे पैसे तसेच ठेवून दारात आलो.

"टचवाला?"

"हाव. मन्ही चूक व्हती. बटनं दाबी दाबी आंगठा दुखस. काच इतलीशी, नातूनं तोंड अर्धंच दिसस. तू बराबर व्हता."

पारसभाऊ दुकानदार आहेत. त्यांचा चेहरा खुलला, हात आपोआप शोकेसकडे गेला. वर्षानुवर्षं ज्या एका माणसाला ते एक टच फोन विकू शकले नव्हते, तो स्वतःहून मागत होता. हात शोकेसच्या आत गेलासुद्धा. मग त्यांनी आप्पांकडे नीट पाहिलं. आप्पा त्यांच्याकडे बघत नव्हते. काउंटरच्या कडेवर बोट ठेवून नुसतेच उभे होते, पगार मागायला आलेल्या माणसासारखे.

पारसभाऊंनी हात बाहेर काढला. रिकामा. शोकेसचं दार सरकवून बंद केलं.

"नई देनार."

"म्हंजे?"

"टच तुमले जमनार नई, आप्पा. मी विकनारच नई तुमले."

आप्पांनी मान वर केली. "मी गिऱ्हाईक शे! पैसा दी ऱ्हायनू!"

"पैसा ऱ्हाऊ द्या. मी काल दिनभर तोच इचार करी ऱ्हायनू व्हतू. टच मां काई दम नई. घाम उना का बोट सरकस. पडना का फुटस. बटन म्हंजे बटन! मी इतला दिन लोकेस्ले येडा बनाडं."

पारसभाऊ इतका वेळ कधीच एका दमात खोटं बोलले नसतील, आणि ते मोबाईल विकतात हे लक्षात घ्या. आप्पा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. त्यांना कळलं का? मला वाटतं, कळलं. त्यांचे ओठ जरासे हलले. मग त्यांचा आवाज एकदम चढला.

"येडा तू शे! बटनमां काय शे रे? फटमां पीठ जास, अक्षरं घसाई जातस! अरे, ज्या म्हातारीले आकडा येत नई, तिनी काय करानं?"

"तिनी शिकानं आकडा!"

"शिकानं? तुन्हा बाप शिकाडी का तिले?"

आणि आप्पांनी बाहेरचं स्टूल पायाने ओढलं आणि बसले. गल्ली हळूहळू जमू लागली. लोक गोंधळले. कोण कुठल्या बाजूला हेच कळेना. चहावाल्याने कोणी न सांगता दोन कप भरले. पारसभाऊंनी बटणांची बाजू अशी काही लढवली, की मला त्यांच्या धंद्याची काळजी वाटली. समोर उभं असलेलं एक गिऱ्हाईक टच फोन न घेता निघून गेलं. पारसभाऊंनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

तेवढ्यात काउंटरवर पडलेला आप्पांचा फोन वाजला. आप्पांनी तो उचलला. त्यांना फोन कानाला लावायची सवय नाही, कायम स्पीकरवर. निर्मलामावशींचा आवाज गल्लीभर घुमला, "जेवनात का?"

"मांगून फोन कर!" आप्पा ओरडले. "आठे भांडन चालू शे!"

"कोनसंगे?"

"या पारससंगे! कोनसंगे म्हंजे काय?"

 मग मावशींचा आवाज आला, अगदी हळू, पण आम्हा सगळ्यांना ऐकू गेला.

"मंग चालू द्या," त्या म्हणाल्या, "मी ऐकी ऱ्हायनू."

आणि त्यांनी फोन ठेवला नाही.